कपाटाची पाठ सुटली, आता काय? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन तीन दारांचं कपाट घेतलं, खोक्यात सुट्टं येतं ते, माणूस येऊन जोडून गेला. आता विजापूर रोडवरून जुळे सोलापूरला घर बदललं, टेम्पोत सगळं नीट आणलं असं वाटलं होतं पण इथं उभं केल्यावर कपाट डावीकडं कललंय, मधलं दार खाली घासतंय आणि मागचा पातळ पांढरा बोर्ड खालून सुटून बाहेर आलाय, त्याचे बारके खिळे नुसते लोंबतायत. ओळखीचे सुतार म्हणाले भुश्श्याचं कपाट आहे ताई, भंगारात घाला. खरंच घालू का? की तेच खिळे परत ठोकले तर चालेल?
– एक ताई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, भंगारात घालू नका, आणि तेच खिळे त्याच भोकात ठोकूही नका. सुतारकाकांचा राग मी समजू शकतो, सागवानात हात घालणाऱ्या माणसाला पार्टिकल बोर्ड म्हणजे अपमानच वाटतो, पण तुमचं कपाट मेलेलं नाही, त्याची फक्त पाठ सुटलीय.

आधी एक गोष्ट करून बघा. काडेपेटी घ्या, आतला काड्यांचा ट्रे काढून टाका आणि नुसतं बाहेरचं कव्हर दोन बोटांत धरून बाजूनं दाबा, लगेच तिरकं होऊन चपटं बसतं. आता त्याच कव्हराच्या एका उघड्या तोंडाला कार्डाचा तुकडा चिकटवा, वाळू द्या आणि परत दाबा. हलत नाही. तुमच्या कपाटाचं अगदी हेच आहे. वरची फळी, खालची फळी, दोन बाजू एवढ्यावर ते चौकट म्हणून उभं असतं पण चौकट कितीही जाड असली तरी तिरकी होते, तिला चौकोनात धरून ठेवतो तो मागचा तीन एमएमचा बोर्ड. लोकांना वाटतं तो धूळ येऊ नये म्हणून लावलाय, भिंत दिसू नये म्हणून लावलाय. म्हणून जोडणारा माणूसही घाईत चार चुका, म्हणजे ते बारके खिळे, इकडं चार तिकडं मारून मोकळा होतो.

आता सुटला कसा? भरलेलं किंवा अर्धं भरलेलं कपाट फरशीवरून ढकललं की वरचा भाग पुढं जातो आणि पाय मागं अडकतात, म्हणजे सगळी चौकट तिरकी व्हायला बघते आणि तो सगळा ताण त्या बारक्या चुकांवर येतो. त्या ठोकलेल्या असतात बोर्डच्या कडेत, आणि पार्टिकल बोर्डची कड ही त्याची सगळ्यात कच्ची जागा, तिथं भुस्सा मोकळा असतो, बोर्डच्या सपाट पोटात खिळा जसा धरतो तसा कडेत धरत नाही. गुळगुळीत चूक तर नाहीच धरत. एकदा हलली की भोक मोठं झालं, मग तुम्ही हातोडी मारा नाहीतर वरवंटा मारा, संध्याकाळपर्यंत परत बाहेर.

करायचं असं. कपाट पूर्ण रिकामं करा, दारं काढून ठेवा, बिजागरीचे दोन-दोन स्क्रू असतात किंवा मागं दाबायची क्लिप असते. कुठलं दार कुठलं ते पेन्सिलनं आतून लिहून ठेवा. जमिनीवर दोन जुन्या चादरी पसरा, सोलापुरात चादरीला काय तोटा, आणि दोघा-तिघांनी मिळून कपाट पालथं करा म्हणजे पाठ वर. सुटलेल्या सगळ्या चुका पक्कडीनं काढून टाका. मग त्या गोल कॅम असतात ना, एलन की किंवा स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायच्या, मिनीफिक्स म्हणतात दुकानात, त्या सगळ्या एकदा घट्ट करा. पाठ लावण्याआधी करायचं हे काम आहे, नंतर करून उपयोग नाही, कारण सांधे ढिले असतील तर तुम्ही ढिल्या चौकटीलाच पाठ ठोकून बसता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कपाट गुण्यात आणायचं. टेप घ्या आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत माप घ्या, मग उलटं, वरच्या उजव्यापासून खालच्या डाव्यापर्यंत. दोन्ही मापं सारखी आली की चारही कोपरे काटकोनात. तुमचं कललेलं आहे म्हणजे फरक नक्की येणार, एखादा इंचसुद्धा येऊ शकतो. जो कर्ण लांब आहे त्याचे दोन कोपरे एकमेकांकडं दाबायचे. दोन माणसं दोन कोपऱ्यांना हातानं दाबतील तरी सरकतं, नाही सरकलं तर नायलॉनची दोरी त्या दोन कोपऱ्यांना वेढून बांधा, कोपऱ्यावर दोरीखाली कापडाची घडी ठेवा नाहीतर बोर्ड चेचतो, आणि मधे लाटणं घालून दोरीला पीळ द्या. पीळ बसेल तसा कर्ण सुता-सुतानं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी होताना टेपवर दिसतो. एखाद्या सुताचा फरक राहिला तर सोडून द्या, त्यापेक्षा जास्त मात्र नको. दोरी सोडायची नाही, तशीच ठेवून पाठ बसवायची.

पाठीला आता चुका मारायच्या नाहीत, स्क्रू लावायचे. साडेतीन एमएम जाड आणि पंचवीस एमएम लांब, चपट्या डोक्याचे नाही घ्यायचे, गोल डोक्याचे घ्यायचे आणि प्रत्येकाखाली वॉशर. वॉशर का, तर पाठ असते तीन एमएमची, स्क्रूचं डोकं त्यातून आरपार निघून येतं. बाजूचा बोर्ड अठरा एमएमचा असेल तर त्याच्या बाहेरच्या कडेपासून नऊ एमएमवर रेघ मारा, बरोबर मध्यावर स्क्रू गेला पाहिजे, इकडं-तिकडं गेला की बोर्ड फुगून फाटतो. आधी अडीच एमएमच्या बिटनं भोक पाडा, बिटवर टेप गुंडाळून खूण करा म्हणजे जास्त आत जाणार नाही. कोपऱ्यापासून दोन इंच सोडून सुरुवात, मग दर पाच-सहा इंचाला एक, आणि जुन्या भोकांच्या मधल्या जागेत, जुन्या भोकात नाही. आणि ड्रिल मशीननं स्क्रू पिळत बसू नका ओ, शेवटचे दोन वळसे हातानंच, कारण पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू एकदा फुकट फिरला की गेला. गेलाच तर त्या भोकात फेविकॉल बुडवलेल्या काड्या ठोसून भरा, दुसऱ्या दिवशी वर आलेल्या कापून टाका आणि परत बारीक भोक पाडा.

पक्की बसवलेली मधली फळी किंवा मधला उभा पडदा असेल, तीन दारांच्या कपाटात असतोच, तर पाठीवर बाहेरून त्याची रेघ मारून त्यालाही स्क्रू द्या. याचा फायदा लोकांना कळत नाही पण अर्धी ताकद तिथून येते. सरकवता येणाऱ्या फळ्यांना मात्र द्यायचे नाहीत, मग त्या सरकणार कशा. पाठीचा खालचा कोपरा फाटला असेल तर त्यावर मागून तीन एमएम प्लायचा वीतभर तुकडा फेविकॉल लावून चिकटवा, वजन ठेवून रात्रभर वाळवा, मग स्क्रू.

उभं केल्यावर फरशी बघा. जुळे सोलापुरात टाइल्स असतील तर ठीक, शहाबादी फरशी असेल तर एका तरी पायाखाली पोकळ राहणार, तिथं प्लास्टिकची चकती सारून चारही कोपरे टेकवा. त्यानंतर दारं लावा. मधलं दार घासत होतं ते बहुतेक आपोआप बरोबर येईल, दाराचा दोष नव्हताच.

आणि पुढच्या वेळी घर बदलाल तेव्हा भरलेलं कपाट ढकलायचं नाही. रिकामं करून उचलायचं.

प्रश्न : आमचा घरगुती टॉवेल-चादरीचा व्यवसाय आहे. खोक्यात येणारं पुस्तकांचं उघडं रॅक घेऊन त्यात माल रचतो. फळ्या मधे वाकल्यात आणि मागच्या बोर्डाला पोट आलंय, भिंतीला टेकायला लागलाय. जाड बोर्ड लावला तर थांबेल का?
– एक व्यावसायिक, साखर पेठ

उत्तर : काका, पाठ जाड केली तर पोट थांबेल, फळी थांबणार नाही, हे दोन वेगळे रोग आहेत.

पोट येतं कारण चादरीचा गठ्ठा आपण आत ठेवत नाही, आत ढकलतो. पुढून बसत नाही म्हणून गुडघा लावून ढकलतो, खरं सांगा. पुस्तकाच्या रॅकची पाठ ही चौकट तिरकी होऊ नये म्हणून असते, आतून बाहेर येणारा जोर सहन करायला ती बनवलेलीच नसते. तुम्ही जुना बोर्ड काढून सहा एमएमचा प्लाय लावा. पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची असते, दुकानातच मापानं कापून घ्या, रिक्षात आणायला बरं पडतं. मापं घेताना रॅकची बाहेरची मापं घ्या आणि दोन्ही बाजूंनी एक-एक सूत कमी सांगा म्हणजे कड बाहेर डोकावणार नाही. प्लाय घेताना बीडब्ल्यूआर मागा, साध्या एमआर प्लायपेक्षा ओलीला जास्त टिकतो. प्लाय कापून आणल्यावर त्याचे कोपरे स्वतः मोजून बघा, दुकानात घाईत कापलेला तुकडा तिरका असेल तर तुम्ही रॅकही त्याच्याबरोबर तिरकं करून ठेवाल.

प्लाय बाहेरून, कडांवर बसवायचा. जुना बोर्ड खाचेत असेल तर सहा एमएम त्या खाचेत जाणार नाही, तो नाद करू नका, रॅक पाव इंच जास्त खोल होईल एवढंच. आणि प्लायच्या मागून मध्यावर वरपासून खालपर्यंत एक इंच बाय दोन इंचाची रीप उभी लावा, उभ्या कडेवर, म्हणजे दोन इंची बाजू भिंतीकडं बाहेर येईल अशी. आडवी चपटी लावली तर ती प्लायबरोबरच वाकते. रीपेचं वरचं टोक वरच्या फळीला आणि खालचं टोक खालच्या फळीला स्क्रूनं बांधा, मधे अधांतरी लोंबणारी रीप काही कामाची नाही. रॅक भिंतीपासून दोन इंच पुढं येईल त्याला इलाज नाही.

आता फळी. वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. आणि उलटंही खरं, लांबी निम्मी केली तर वाक आठव्या हिश्शावर येतो. म्हणून जाड फळी शोधत बसण्यापेक्षा मध्यावर एक उभा ठोकळा द्या. म्हणजे प्रत्येक दोन फळ्यांमधे, बरोबर मध्यावर, फळीच्या खोलीएवढ्या रुंदीचा अठरा एमएमचा तुकडा उभा ठेवायचा, सगळे एकाखाली एक एका ओळीत, आणि सगळ्यात खालच्या फळीखालीही जमिनीपर्यंत एक. तो चुकला तर सगळं वजन खालच्या फळीवर येऊन तीच मोडते. पाठीच्या प्लायमधून या ठोकळ्यांना आणि फळ्यांना स्क्रू मारले की ते सरकतही नाहीत आणि फळीची मागची कडही प्लाय धरून ठेवतो.

वाकलेल्या फळ्या उलट्या करून लावा, पोट वर. काही दिवसांत वजनानं सपाट होतात, पण कडेचं फुगणं किंवा चीर दिसली तर मात्र ती फळी बदला.

आणि माल खालच्या दोन कप्प्यांत जड, वर टॉवेल-नॅपकिन असा ठेवा, एवढं मला सांगायची गरज नाही, तुम्ही यंत्रमागवाले लोक वजनाचं आमच्यापेक्षा जास्त ओळखता.

प्रश्न : माझ्या कपाटाची पाठ मधे घडी असलेली आहे, पुस्तकासारखी उघडते आणि दोन्ही बाजूच्या खाचेत सरकवून बसवलेली आहे. आता ती एका बाजूनं खाचेतून निसटली. फेविकॉल भरून दाबली, दोनदा केलं, दोन्ही वेळा सुटली. चिकटतच नाही.
– होटगी रोडवरून एक कॉलेज विद्यार्थी

उत्तर : मित्रा, पांढऱ्या फेविकॉलला लाकूड लागतं, पाणी शोषणारं काहीतरी. खाचेच्या आत कच्चा बोर्ड दिसत असतो तिथं तो धरतो, पण तुझ्या पाठीचा पुढचा चेहरा पांढऱ्या चकचकीत कागदाचा किंवा लॅमिनेटचा, त्यावर तो नुसता सुकून पापुद्रा होतो. नखानं ओढलास तर प्लास्टिकसारखा अख्खा निघेल. त्यावर लावायचं असेल तर पॉलिशपेपरनं घासून चमक घालवावी लागते, किंवा रबरवाला, उग्र वासाचा फेविकॉल घ्यायचा, एसआर ९९८ म्हणून मिळतो, दोन्हीकडं लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. खिडकी उघडी ठेव, वास डोक्यात जातो.

पण तुझ्या जागी मी चिकटवण्याच्या भानगडीत पडलोच नसतो. खाच कपाटाच्या मागच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत असते, म्हणजे पाठीच्या मागं दोन्ही बाजूंना बोटभर कोपरा रिकामा राहतो. त्या कोपऱ्यात बसेल अशी चौकोनी लाकडी पट्टी, बीडिंगवाल्याकडं मिळते, दहा-बारा एमएमची, उंचीएवढी कापून आण. पाठ आधी खाचेत परत ढकल, बाजूचा बोर्ड थोडा बाहेर ताणावा लागेल, कॅम ढिल्या केल्यास की ताणला जातो, आणि पाठ आत गेल्यावर परत घट्ट. मग ती पट्टी पाठीला घट्ट दाबून, स्क्रू पट्टीतून बाजूच्या बोर्डमध्ये मार. पाठीत नाही मारायचा, बाजूला मारायचा. इथं मजा अशी की स्क्रू आता कडेत नाही, बोर्डच्या पोटात जातो, आणि तिथं तो चांगला धरतो. पट्टी दहा-बाराची, बोर्ड अठराचा, म्हणजे वीस एमएमचा स्क्रू पुरे, तीसच्या पुढचा घेतलास तर दुसऱ्या बाजूनं टोक बाहेर येईल आणि शर्ट फाटेल. पट्टीत आधी भोक पाड नाहीतर चिरते.

घडीच्या जागी मागून तीन इंच रुंदीची हार्डबोर्डची उभी पट्टी चिकटव. पाठीची मागची बाजू कच्ची खरखरीत असते, तिथं साधा फेविकॉल मस्त धरतो. काही कपाटांत घडीऐवजी दोन तुकडे आणि मधे प्लास्टिकची एच आकाराची पट्टी असते, तिला कोणी हातही लावत नाही पण पाठ सुटायला सुरुवात तिथूनच होते, तिच्यावरूनही अशीच पट्टी मारता येते.

प्रश्न : टीव्ही युनिटच्या मागच्या बोर्डमुळं वायरी जात नाहीत आणि सेट टॉप बॉक्स तापतो. बोर्ड काढूनच टाकला तर?
– टिळक चौक

उत्तर : काढलात तर महिन्याभरात युनिट डुलायला लागेल. होल सॉनं अडीच-तीन इंचाची दोन भोकं पाडा, एक खाली वायरीला, एक वर गरम हवेला. मोठीच खिडकी पाहिजे असेल तर चारही कडांना किमान चार-चार इंच बोर्ड शाबूत ठेवून मधला भाग कापा आणि कोपरे गोल कापा, काटकोनी कापलेल्या कोपऱ्यातून चीर धावते. कापलेल्या कडेला ऑइल पेंट लावून टाका.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर लावतो तेव्हापासून कपाटाची पाठ मागं फुगलीय. पाऊस नाही, गळती नाही, मग ओल आली कुठून? आणि कपड्यांना वासही येतो.
– सैफुलहून एक मावशी

उत्तर : मावशी, ओल कूलरनंच आणली. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर लाकूड तडकेल एवढी कोरडी हवा आणि खोलीत कूलर वाळ्यातून दमट वारा सोडतोय रात्रभर, खिडक्या बंद. त्यात पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून पिंप, घागरी, कळशा सगळं भरून खोलीतच, त्याचं शिंतोडं वेगळं.

ही पाठ म्हणजे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ. हार्डबोर्डची कल्पना अमेरिकेतल्या विल्यम मेसननं १९२४ च्या सुमाराला काढली, लाकडाच्या चिपा वाफेनं फोडून त्याचे तंतू दाबून बोर्ड करायचा. तंतू म्हटलं की पाणी पिणारच. त्यातून तुमच्या पाठीची आतली बाजू पांढरी, सील केलेली आणि भिंतीकडची बाजू कच्ची. दमट हवा कच्च्या बाजूनं आत शिरते, ती बाजू वाढते, पांढरी बाजू तेवढीच राहते, मग बोर्ड वाढलेल्या बाजूकडं फुगतो. म्हणून पोट नेहमी मागं येतं.

इलाज, कूलरची दिशा बदला, कपाटावर थेट झोत नको, आणि खिडकी थोडी उघडी ठेवा, कूलरला हवा बाहेर जायला वाट लागतेच, नाहीतर तो थंडही करत नाही. कपाट भिंतीपासून बोटभर पुढं ओढा. मग एखाद्या कडक उन्हाच्या आठवड्यात, कूलर बंद ठेवून, पाठ काढा आणि घरातच सपाट फरशीवर वजनाखाली वाळवा, गच्चीवर उन्हात टाकू नका, तिथं ती पापडासारखी वाकडी होईल. सपाट झाली की कच्च्या बाजूला आणि चारही कडांना वुड प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. दोन्ही बाजू सारख्या बंद झाल्या की फुगायचं कारणच जातं. पण कडा भुसभुशीत होऊन जाड झाल्या असतील तर मात्र ती पाठ गेली, पेंटनं परत येणार नाही.

नवीन लावायची तर एक गोष्ट सुचवतो. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडं एसीपीच्या शीटचे उरलेले तुकडे असतात, तीन एमएमच्या, दोन्हीकडं अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मधे प्लास्टिक. पाणी पीत नाही, फुगत नाही, ताठ असते आणि कटरनं रेघ ओढून कापता येते. पीव्हीसीचा फोम बोर्ड लोक लावतात, तोही भिजत नाही हे खरं, पण तीन-चार एमएमचा फारच लवचीक, कपाटाला तिरकं होण्यापासून तो एसीपी-प्लायइतका अडवत नाही. लावायचाच तर जाड घ्या आणि स्क्रू जवळजवळ द्या.

वासाचं म्हणाल तर कोंदट वास असेल तर तो बुरशीचा, पाठ वाळली की जाईल. डोळ्यांना झोंबणारा असेल तर तो बोर्डमधल्या डिंकाचा, त्यात फॉर्मल्डिहाइड असतं, नवीन कपाटाला आणि उष्णतेत जास्त येतो, दारं उघडी ठेवून हवा खेळू द्यायची.

प्रश्न : पाठीवर मातीच्या रेघा दिसतायत, बोट लावलं तर बोर्ड आत गेला. रंग देऊन चालेल का?
– अशोक चौक

उत्तर : वाळवी आहे. रंगबिंग काही नाही. पाठ काढून घराबाहेर न्या आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून भिंत आणि फरशीच्या सांध्यात औषध करून घ्या, ती कपाटातून भिंतीत गेलेली नसते, भिंतीतून कपाटात आलेली असते. बाजूचे बोर्ड खालून टोचून बघा, पोकळ लागले तर कपाटच गेलं. मातीच्या रेघा नसून नुसती मैद्यासारखी पावडर पडत असेल तर ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारा किडा आहे, त्याचं औषध वेगळं, तसं त्याला सांगा.

प्रश्न : दीड वर्षाचा मुलगा आहे, ड्रॉवर ओढून त्यावर चढतो. चार ड्रॉवरचं युनिट आहे. मागच्या बोर्डला हुक लावून भिंतीला दोरीनं बांधलंय, पुरेल ना?
– एक आई, भवानी पेठ

उत्तर : नाही पुरणार, आणि हे आजच करा. तीन एमएमच्या पाठीला लावलेला हुक मुलाच्या एका झटक्यात पाठीसकट उपटून येतो. पाठ चौकट तिरकी होऊ देत नाही हे खरं, पण अख्खं युनिट पुढं पडताना ती काहीच धरत नाही.

अमेरिकेत २०१६ साली आयकियाला २ कोटी ९० लाख ड्रॉवर युनिट परत मागवावी लागली होती, भिंतीला न बांधलेली युनिट अंगावर पडून लहान मुलं गेल्यानंतर. कारण साधं आहे. ड्रॉवर बाहेर आले की वजन पुढं येतं, त्यात मूल खालच्या ड्रॉवरवर उभं राहिलं की तोल गेलाच.

दोन लोखंडी एल अँगल घ्या. एक बाजू युनिटच्या वरच्या जाड फळीला, आतून किंवा वरून, बोर्डच्या पोटात स्क्रू जाईल असा. दुसरी बाजू भिंतीला, आठ एमएमचं भोक, प्लास्टिकची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू. भोक पाडताना सुरुवातीला पांढरी-करडी पूड येते तो गिलावा, लाल पूड यायला लागली की वीट आली, गिट्टी पूर्ण विटेत बसली पाहिजे, गिलाव्यात नाही. तुमच्याकडं जुनं दगड-मातीच्या भिंतीचं घर असेल, पेठेत अजून आहेत तशी, तर मातीत गिट्टी धरत नाही. तिथं दगड लागेल अशी जागा शोधून त्यातच भोक पाडावं लागतं. दगडाला चांगलं हॅमर ड्रिल लागतं, ते गवंड्याकडून करून घ्या. नवीन फ्लॅटमध्ये हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंती असतील तर त्यासाठीची लांब गिट्टी वेगळी मागून घ्या.

हे होईपर्यंत युनिट रिकामं करून ड्रॉवरचं तोंड भिंतीकडं फिरवून ठेवा. मुलगा ओरडेल, ओरडू दे.

प्रश्न : कपाट जोडून माणूस गेला, पुडीत वीस-पंचवीस बारके खिळे शिल्लक आहेत. म्हणाला एक्स्ट्रा देतात. खरं का?
– विजापूर वेस

उत्तर : एक-दोन देतात. वीस नाही. कपाट पुढं ओढून मागं बघा, पाठीला कडेनं सगळीकडं खिळे आहेत का नुसते कोपऱ्यांत. बहुतेक मधे वीतभर मोकळी जागा दिसेल. ते खिळे ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, सारखे असतील तर मधल्या जागेत ठोकून टाका, खिळा बाजूच्या बोर्डच्या मध्यावर सरळ जातोय ना बघून, तिरका गेला तर आतून टोक येतं आणि साडी अडकते. कर्ण सारखे नसतील तर त्याला फोन करून परत बोलवा, पैसे घेतलेत त्यानं. नाहीच आला तर वर जुळे सोलापूरच्या ताईंना सांगितलंय तसं स्क्रू-वॉशरनं करा, ते खिळे कॅलेंडर टांगायला ठेवा.